चक्की रिकामी चालू होती

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला चित्रपट अभ्यास नावाचा एक पेपर होता. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात तो नवीनच सुरू झाला होता आणि आम्ही अकरा जणांनी तो घेतला होता. वर्षभर सिनेमे पाहायचे आणि मार्क घ्यायचे, अशी त्यातल्या बहुतेकांची समजूत. माझीही तीच होती. दिवाळीची सुटी संपवून परत आलो आणि मॅडमनी परीक्षेचं स्वरूप सांगितलं, तेव्हा ती समजूत गेली.

प्रत्येकानं एका सिनेमातला एकच प्रसंग घ्यायचा, पाच-सहा मिनिटांचा. कॅमेरा कुठं ठेवलाय, उजेड कुठून येतोय, आवाज काय सांगतोय, एका शॉटनंतर दुसरा का आलाय, हे सगळं उलगडायचं आणि पंधरा मिनिटं सगळ्यांसमोर बोलायचं. समोर बाहेरगावचे परीक्षक बसणार, ते मध्ये कुठंही थांबवून प्रश्न विचारणार. प्रसंग मॅडमनी आधीच काढून ठेवले होते. टेबलावर स्टीलचा डबा आणि डब्यात अकरा चिठ्ठ्या.

माझ्या पुढच्या मुलाला समुद्रकिनाऱ्यावरचा प्रसंग निघाला. मलाही मनातून तोच हवा होता. मी चिठ्ठी उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘गिरणीतला प्रसंग’.

मी ती मोठ्यानं वाचली आणि सगळे हसले. आमची जानेफळला पिठाची चक्की आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या काळ्या बॅगच्या शिवणीत कायम पीठ असायचं. कितीही झटकली तरी निघायचं नाही. शेजारी माझी मैत्रीण बसली होती. ती बुलढाण्याचीच. तिचे अब्बा कोर्टाच्या आवारात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तुझ्या घरचाच सिनेमा निघाला की यार.”

मला राग आला. घरापासून लांब शिकायला यायचं, खोली करून राहायचं आणि परीक्षेत पुन्हा चक्कीच निघायची.

सिनेमा जुना होता, कृष्णधवल. एका लहानशा गावातला गिरणीवाला, त्याची बायको आणि गिरणीवर हक्क सांगणारा थोरला भाऊ, एवढीच माणसं. माझ्या वाट्याच्या प्रसंगात दुपारची वेळ आहे. गिरणी चालू आहे. बाहेर ओट्यावर एक म्हातारी दळणासाठी बसली आहे. गिरणीवाल्याची बायको घाईघाईनं आत येते आणि नवऱ्याला काहीतरी सांगू लागते. तिचे ओठ हलताना दिसतात, पण गिरणीच्या आवाजात तिचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. नवरा तिच्याकडे पाठ करून उभा आहे. ती बोलत राहते, मग थांबते, मग निघून जाते. तो इंजिन बंद करतो. एकदम शांतता होते. बाहेरून म्हातारी विचारते, “झालं का माझं दळण?” तो म्हणतो, “अजून नाही.” आणि प्रसंग संपतो.

मी पुस्तकं काढली, नोट्स काढल्या आणि चार दिवसांत आठ पानं लिहून मॅडमना नेऊन दिली. गिरणीचा आवाज म्हणजे स्त्रीचा आवाज दडपणारी व्यवस्था, फिरणारा पट्टा म्हणजे न थांबणारा काळ, पांढरं पीठ म्हणजे आयुष्याचा झालेला चुरा. लिहिताना मलाच माझं कौतुक वाटलं होतं.

मॅडमनी ती पानं शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, “चुकीचं काही नाही. पण हे तू सिनेमा न पाहताही लिहिलं असतंस. यात तू स्वतः पाहिलेलं काय आहे?”

मी वही उघडून नोट्स चाळू लागले.

“किती वेळा पाहिलास प्रसंग?”

“तीन वेळा, मॅडम.”

“तीस वेळा पाहा,” त्या म्हणाल्या आणि पानं माझ्या हातात परत दिली.

त्या शनिवारी मी घरी गेले. चिखली, मेहकर करत जानेफळला पोचेपर्यंत दुपार झाली होती. बॅगेत मैत्रिणीचा लॅपटॉप होता, गाडीत सगळा वेळ तो मी मांडीवर धरून ठेवला होता. घरी आले तर लाइन गेलेली, त्यामुळे चक्की बंद. आमचं घर आणि चक्की यांच्यामध्ये एकच भिंत आहे. चक्की बंद असली की घर ओळखू येत नाही, इतकी शांतता होते. बाबा जेवण करून बाजेवर डोळे मिटून पडले होते. मी खाली सतरंजीवर बसून लॅपटॉप उघडला आणि प्रसंग लावला. संपला की पुन्हा लावला. वहीत रेघा मारून मोजत होते. सातव्या का आठव्या वेळेला बाबा डोळे न उघडताच म्हणाले, “बंद कर वं ते.”

मला वाटलं त्यांची झोपमोड होतेय. मी आवाज कमी केला.

“कमी नको करू, बंद कर. दगड घासून राह्यले कधीचे. त्या माणसाले दाणे टाकाले सांग.”

“कोणत्या माणसाले?”

“ज्याची चक्की हाये त्याले. रिकामी चालू हाये ना ते.”

मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे होता, त्यांना तो दिसायचा प्रश्नच नव्हता. आणि पडद्यावर तरी काय दिसत होतं? गिरणीवाल्याची पाठ. वरची पत्र्याची पेटी, जिच्यात दाणे ओततात, ती त्याच्या खांद्याआड होती. आत दाणे आहेत की नाहीत हे कुणालाच दिसत नव्हतं.

“बाबा, तुमाले कसं समजलं?”

आता ते उठून बसले. त्यांना प्रश्नच कळला नाही. मी गाणं कुठलं चाललंय हे कसं समजलं असं विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला. मग हळूहळू सांगू लागले. भरल्या चक्कीचा आवाज जाड असतो, दबलेला असतो. दोन दगडांच्या मधात दाणे असले की दगड एकमेकांना बोलत नाहीत. दाणे संपले की दगडाला दगड लागतो आणि आवाजात खणखण येते. “अन् हे तं इंजिनवालं हाये. लहानपणी आमचंही इंजिनच होतं. इंजिनवर ओझं असलं का ते दमादमानं पुकपुक करते. ओझं नसलं का पळते. लाव बरं पुन्हा.”

मी लावलं. मला काही फरक कळला नाही. बाबांनी बोट वर केलं. “हे पाह्य. हे. आयक. पळून राह्यलं का नाई?”

दहाव्यांदा ऐकताना मला ते ऐकू आलं. जाड आवाजाच्या वर एक बारीक, कोरडी खणखण होती आणि ती बायको आत आल्यापासून जाईपर्यंत सलग चालू होती. इतका वेळ मी गिरणीचा आवाज म्हणून जे ऐकत होते, त्याच्या आत आणखी एक आवाज होता.

“पण बाबा, रिकामी चक्की कोणी कायले चालवीन?”

“कोणीच चालवत नाई. दगड खराब होतात. दोन दळणाच्या मधात जेवढं होते तेवढंच. तुह्या सिनेमातला माणूस येडा हाये, नाई तं त्याले दुसरं काई काम असन.”

दुसरं काही काम. मी उठले आणि उगाचच अंगणात जाऊन उभी राहिले. मग परत आत आले. मग मैत्रिणीला फोन लावला. माझं बोलणं इतकं भरभर होत होतं की तिनं मला दोनदा थांबवलं. तो दळत नाहीये, मी सांगत होते, तो नुसता आवाज करतोय. बायको बोलतेय ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं चक्की चालू ठेवलीय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सबूत काय?”

“बाबा सांगतात.”

“बाबा परीक्षेला येणार आहेत का?” कोर्टाच्या आवारात वाढलेली मुलगी ती. “ज्यानं आवाज भरला त्याला रिकामीच गिरणी मिळाली असेल तर? सिनेमात गिरणी अजून कुठं कुठं आहे?”

मी मोजलं. आणखी तीन प्रसंगांत होती.

“तेही त्यांना ऐकव. पण तू नको ऐकवू. तू चेहऱ्यावरूनच सांगून देशील. मी येते.”

आणि पुढच्या रविवारी ती खरंच आली. बुलढाण्याहून तीन तास बसमध्ये बसून, आमच्या बाबांची परीक्षा घ्यायला. तिनं चारही प्रसंगांतला नुसता गिरणीचा आवाज वेगळा काढून फोनमध्ये भरून आणला होता, आणि क्रमही उलटापालटा केला होता. तो क्रम मलाही सांगितला नव्हता. माझ्या आईला तिनं वाकून सलाम केला, पाणी प्यायली आणि लगेच कामाला लागली. बाबांना खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं. मला स्वयंपाकघरात पाठवलं. मी दाराच्या फटीतून पाहत राहिले.

बाबा नवीन सदरा घालून बसले होते. पाहुणी येणार म्हणून घातला असं ते म्हणाले, पण मला वाटतं परीक्षा होती म्हणून घातला.

पहिला आवाज झाला. बाबा म्हणाले, “भरेल हाये. दाणे हायेत आत.”

दुसरा. “हेही भरेल. पण संपत आलं हाये. शेवटचं दळून राह्यलं.”

तिसरा जेमतेम सुरू झाला आणि त्यांनी हात वर केला. “हे रिकामं. हेच त्या दिवशी पोरीनं लावलं होतं.”

चौथा. “भरेल. इथं बहुतेक ज्वारी असन, गहू नाई वाटत.”

मैत्रीण फोनकडे पाहत बसली होती. मी धावत बाहेर आले. “सांग ना.”

“सगळं बरोबर,” ती म्हणाली. “ज्वारीचं मला माहीत नाही. पण बाकी सगळं बरोबर.”

आम्ही दोघींनी लॅपटॉपवर दुसरा आवाज कुठल्या प्रसंगातला होता तो लावून पाहिला, संपत आलेल्या दळणाचा. पडद्यावर एक बाई आपल्या पोत्याचं तोंड बांधत होती, निघायच्या तयारीत. म्हणजे दळण खरंच संपत आलं होतं. माझी मैत्रीण उडी मारल्यासारखी उठली आणि पुन्हा बसली. बाबा आमच्याकडे पाहून हसत होते, पण त्यात एवढं काय होतं हे त्यांना कळत नव्हतं.

एवढ्यात आई ताटं घेऊन आली. चक्कीवर दळणं घेणं आणि ओळीनं लावणं हे तिचं काम. कुणाचा डबा, कुणाची पिशवी, कुणाचा नंबर कितवा, सगळं तिच्या डोक्यात असतं. तिनं ताट ठेवता ठेवता पडद्याकडे पाहिलं. आम्ही माझा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला होता, आत-बाहेर करताना तिनंही तो पाहिला होता. बायको निघून गेली होती, नवरा इंजिन बंद करत होता.

“ते म्हातारीचं दळण तं दारातच हाये,” आई म्हणाली.

“कोणतं दळण?”

“ते काय, दाराच्या कडेले पिशवी ठेवली हाये ना. म्हातारी आली तवा हातात हीच होती.”

आम्ही मागे नेऊन पाहिलं. प्रसंगाच्या सुरुवातीला म्हातारी ओट्यावर येते तेव्हा तिच्या हातात पट्ट्यांची कापडी पिशवी असते. ती दाराच्या आत ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. पुढं पूर्ण पाच मिनिटं ती पिशवी तिथंच आहे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, भरलेली, तोंड बांधलेली. बायको तिला वळसा घालून आत येते. तिच्याच बाजूनं बाहेर जाते. मी तो प्रसंग तोवर चाळीसेक वेळा पाहिला होता आणि मला ती पिशवी एकदाही दिसली नव्हती.

“म्हणून तो ‘अजून नाही’ म्हणतो,” मैत्रीण हळूच म्हणाली. “खरंच अजून नाही. टाकलंच नाही त्यानं.”

त्या दिवशी आम्ही काय जेवलो ते मला आठवत नाही. आई मात्र अजूनही सांगते, एवढं शेवग्याच्या शेंगांचं पिठलं केलं होतं आणि पोरींनी चव न घेता गिळलं.

जेवण झाल्यावर मला आणखी एक सुचलं. परीक्षकांना फरक ओळखू यायला हवा असेल तर आधी दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकवायला हवेत, भरल्या चक्कीचा आणि रिकाम्या. भरलेली तर रोजच चालू असते. मी बाबांना म्हटलं, एक मिनिट रिकामी चालवा, मी फोनवर आवाज भरून घेते.

बाबा नाही म्हणाले.

“एकच मिनिट, बाबा.”

“मिनिट म्हणजे काय कमी हाये? दगड घासतात अन् कच पिठात जाते. लोकाले खाऊ घालतो आपण ते.” इतका वेळ हसणारा माणूस एकदम कामावरचा झाला होता. चक्कीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मैत्रिणीला साडेचारच्या गाडीनं निघायचं होतं. मी तिला स्टँडवर सोडून आले, तर बाबा चक्कीत उभे. त्यांनी रस्त्याकडचं दार लावून घेतलं होतं, दारात एकही दळण नव्हतं, खाली रिकामं पोतं अंथरलं होतं. मला म्हणाले, “मंगळवारी दगडाले टाकी लावून खाचा पाडाले माणूस येणार हाये. तसेही दगड काढाचेच हायेत. फोन काढ. अर्धं मिनिट. त्याच्यावर एक सेकंद नाई.”

त्यांनी बटण दाबलं. चक्कीनं वेग घेतला आणि मग ती खणखण सुरू झाली, या वेळी फोनमधून नाही, समोरून. दाताखाली खडा आल्यासारखा आवाज होता. बाबा तोंड वाकडं करून घड्याळाकडे पाहत होते. अर्ध्या मिनिटानं त्यांनी बंद केली, खालची पीठमिश्रित कच स्वतः झाडून बाहेर टाकली आणि मला म्हणाले, “झालं तुह्यं?”

मी हो म्हटलं. मला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आनंदच इतका होता की रडायला जागा नव्हती.

परीक्षेला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी जितकी धावले तितकी शाळेच्या मैदानावरही कधी धावले नव्हते. जुनी आठ पानं बाजूला ठेवली आणि नव्यानं लिहायला बसले. कॉलेज सुटलं की मैत्रिणीच्या घरी गच्चीवर तालीम करायची. ती फोनवर वेळ लावायची आणि तिची अम्मी समोर बसून मेथी निवडायची. पहिल्या दिवशी माझं बोलणं चोवीस मिनिटं चाललं. अम्मीनं एवढंच विचारलं की ती बायको सांगत काय होती. मी म्हटलं, ते सिनेमात शेवटपर्यंत कळत नाही. अम्मी म्हणाली, “फिर तो उसने चक्की अच्छी चलाई.”

मैत्रीण मात्र माझ्या भाषेवर नजर ठेवून होती. मी तालमीत उत्साहात आले की घरचं बोलू लागायचे. “‘चालू राह्यली’ नाही, ‘चालू राहिली’,” ती टोकायची. “परीक्षक पुण्याचे असले तर हसतील.” मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही आवाज ऐकले, पिशवी पाहिली. मग मला विचारलं, “मी हा सिनेमा बारा वर्षं शिकवतेय, इथं येण्याआधीपासून. तुझ्या बाबांना मी भेटू शकते का?” त्या प्रश्नानं मी दोन दिवस तरंगत होते.

परीक्षेच्या दिवशी माझा नंबर चौथा होता आणि मैत्रिणीचा पाचवा. परीक्षक पन्नाशी ओलांडलेले, चष्मा कपाळावर ढकलून बसणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. आधीच्या तिघांना त्यांनी फारसं अडवलं नव्हतं.

मी उभी राहिले. सुरुवात चांगली झाली. प्रसंग दाखवला, मग म्हटलं, “आता मी तुम्हाला दोन आवाज ऐकवते,” आणि भरल्या चक्कीचा आवाज लावला. मग रिकामीचा लावला. सभागृहातल्या स्पीकरमधून दोन्ही वेळा एकसारखीच घरघर बाहेर आली. मी घाबरून पुन्हा लावले. पुन्हा तेच. बारीक खणखण त्या जुन्या स्पीकरना झेपतच नव्हती.

परीक्षक थांबून होते. आणि मागून मैत्रीण चालत आली, तिच्या गळ्यात तिच्या भावाचे मोठे हेडफोन होते. तिनं ते परीक्षकांच्या पुढ्यात ठेवले, वायर लॅपटॉपला जोडली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली.

त्यांनी हेडफोन घातले. डोळे मिटले. मी भरलेली लावली, रिकामी लावली, मग सिनेमातला प्रसंग लावला. सभागृहात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. दहा मुलं आणि मॅडम त्या एका माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. प्रसंग संपला. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावला.

हेडफोन काढून ते म्हणाले, “ध्वनिमुद्रण करणाऱ्याला रिकामीच गिरणी मिळाली असेल तर?”

हा प्रश्न मैत्रिणीनं महिनाभरापूर्वीच फोनवर विचारला होता. मी बाकीचे तीन प्रसंग लावले, पोत्याचं तोंड बांधणारी बाई दाखवली, म्हातारीची पिशवी दाखवली, ‘अजून नाही’ ऐकवलं. त्यांनी पिशवीपाशी चित्र थांबवायला सांगितलं आणि चष्मा खाली ओढून पडद्याच्या जवळ जाऊन उभे राहिले.

“बरं,” ते वळून म्हणाले. “बायकोचं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो गिरणी चालू ठेवतो. म्हणजे तो तिला सांभाळतोय. असंच ना?”

माझ्या कागदावर अगदी तसंच लिहिलेलं होतं. पण पडद्यावर तेव्हा त्या माणसाची पाठ होती, आणि ती पाठ पाहून मला ते खरं वाटेना.

“नाही सर,” मी म्हणाले. “म्हातारीनं ऐकू नये एवढंच असतं, तर तो बायकोकडे तोंड करून उभा राहिला असता. तिच्या ओठांवरून तरी त्याले समजलं असतं. त्यालेच ऐकाचं नाई. त्याच्यासाठीच चालू राह्यली ती चक्की.”

मागं मैत्रिणीनं डोक्याला हात लावल्याचं मला दिसलं. परीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, त्यांना पटत नाही. आवाज बंद झाल्यावर तो जिथं ती उभी होती तिकडे पाहतो, ऐकायचंच नसतं तर कशाला पाहिलं असतं? मी म्हटलं, ती गेली हे बघायला. ते म्हणाले, किंवा ती थांबली असेल या आशेनं? मी म्हटलं, मग इंजिन आधी बंद करायचं होतं. असं आमचं चालू राहिलं. पंधरा मिनिटांची घंटा झाली, मॅडमनी दोनदा घड्याळ दाखवलं, पण ते खुर्चीकडे परतेनात आणि मीही जागेवर बसेना. शेवटी मैत्रीण मागून म्हणाली, “सर, माझा नंबर आहे,” तेव्हा कुठं थांबलो.

तिचा प्रसंग लग्नघराच्या स्वयंपाकघरातला होता. ती खिडकीतून येणाऱ्या उजेडावर बोलली. एकाच चुलीपाशी बसलेल्या दोन बायकांपैकी एकीच्याच तोंडावर तो कसा पडतो आणि पाहुणे वाढत जातात तसा कसा सरकतो, हे तिनं इतक्या शांतपणे दाखवलं की मी माझं सगळं विसरून ऐकत राहिले. तिचं संपता संपता माझ्या लक्षात आलं की मी उजेडावर एक शब्दही बोलले नव्हते. कॅमेऱ्यावरही नाही. संकलनावरही नाही. तयारी केली होती सगळ्याची, तीन पानं होती. वादाच्या नादात ती तशीच राहिली.

निकाल लागला तेव्हा मला पन्नासपैकी एकेचाळीस होते आणि तिला सेहेचाळीस. शेऱ्यात परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘ध्वनीचं विश्लेषण उत्तम. इतर अंगांकडे दुर्लक्ष.’ मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मैत्रिणीच्या अम्मीनं शिरखुर्मा केला होता, वाटी वाटी खाल्ला आणि रविवारी आम्ही दोघी खामगावला सिनेमा पाहायला गेलो. तिथं नुकताच लागलेला, मारामारीचा सिनेमा होता. पहिल्या दहा मिनिटांत तिनं मला कोपरानं ढोसून सांगितलं की हीरोच्या तोंडावर उजेड दोन्ही बाजूंनी येतोय, बाहेर तर संध्याकाळ आहे. मी तिला सांगितलं की मोटारसायकल उभी आहे तरी तिचं इंजिन चालत्या गाडीसारखं वाजतंय. मग आम्ही थांबलोच नाही. मध्यंतराच्या थोडं आधी मागच्या रांगेतले एक काका पुढं वाकले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “पोरीहो, पाहू द्या ना आमाले.”